चालू शंट काढायचा कशाला? व्हीए शंटचा संसर्ग आणि किडनीची सूज

विचारलेली केस अशी आहे. मुलगा १६ वर्षांचा, जन्मतः कण्यात मेनिंगोमायलोसील (मज्जारज्जू उघडा राहण्याचा दोष), सोबत हायड्रोसेफलस (डोक्यात पाणी साचणं). लहानपणी डोक्यातलं पाणी पोटात सोडणारा व्हीपी शंट घातला होता. पोटात आतडी चिकटून तो वारंवार बंद पडायला लागला, म्हणून सहा वर्षांपूर्वी मानेतल्या शिरेतून हृदयात सोडणारा व्हीए शंट बसवला. गेले पाच महिने ताप येतो आणि जातो. वजन उतरलंय, हिमोग्लोबिन ७.८ वर आलंय, पावलांवर सूज आहे, लघवीत प्रोटीन तीन प्लस आणि रक्तपेशी आहेत. आधी टायफॉइडची, मग लघवीच्या इन्फेक्शनची औषधं झाली. आता किडनीच्या डॉक्टरांनी सी३ (रक्तातलं जंतूंशी लढणारं एक प्रोटीन) कमी आलेलं पाहून शंट नेफ्रायटिसची, म्हणजे शंटच्या संसर्गामुळे आलेल्या किडनीच्या सुजेची, शंका घेतली आणि शंट काढावा लागेल असं सांगितलं. घरच्यांचा प्रश्न रास्त आहे: डोकं दुखत नाही, उलट्या नाहीत, सीटी स्कॅन जुन्यासारखाच आहे, शंट व्यवस्थित चालतोय. मग चालू शंट काढायचा कशाला? अँटिबायोटिकचा मोठा कोर्स देऊन भागणार नाही का?

नाही भागणार. संसर्ग कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या चाचणीत) सापडला तर शंट काढावाच लागतो. कल्चर कोरं आलं तरी बाकीचं चित्र जुळत असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तरीही काढावा लागतो. आणि काढायचा म्हणजे सगळा: मेंदूतलं टोक, कानामागचा व्हॉल्व्ह, कातडीखालची नळी, हृदयातलं टोक. शंट चालतोय याचा अर्थ त्यातून पाणी वाहतंय, एवढाच. त्यात जंतू आहेत की नाहीत ते सीटी स्कॅनवर दिसत नाही.

हे असं का, ते नळीच्या रस्त्यावरून कळतं. मेंदूच्या पोकळीतून निघालेली नळी कानामागच्या व्हॉल्व्हमधून मानेत उतरते, गळ्याच्या मोठ्या शिरेत शिरते आणि तिचं टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात लोंबकळतं. छातीच्या एक्स-रेवर ते साधारण सहाव्या-सातव्या थोरॅसिक मणक्याच्या पातळीला दिसायला हवं. म्हणजे सिलिकॉनची एक नळी चोवीस तास रक्तात आहे. तिच्यावर बसणारा जंतू बहुधा कातडीवरचाच, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. त्याखालोखाल क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, म्हणजे जुन्या पुस्तकांतला प्रोपिओनिबॅक्टेरियम. कधी स्टॅफ ऑरियस, क्वचित स्यूडोमोनाससारखे ग्रॅम निगेटिव्ह. पहिले दोन मवाळ आहेत. ते माणसाला एकदम पाडत नाहीत, नळीवर चिकट थर करून महिनोन्‌महिने राहतात आणि रक्तात थोडं थोडं सुटत राहतात. शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवत राहतं. जंतूंचे तुकडे आणि अँटिबॉडी यांच्या गाठी किडनीच्या गाळण्यांत, ग्लोमेरुलसमध्ये, अडकतात. तिथे कॉम्प्लिमेंट (सी३, सी४ ही त्यातलीच प्रोटीनं) जागं होतं आणि गाळणी सुजते. किडनीत जंतू नसतात. तिथे असतं ते जंतूंविरुद्ध चाललेल्या लढाईचं उरलंसुरलं.

म्हणूनच मेंदूज्वराची लक्षणं नसतात. संसर्ग बहुतेक वेळा नळीच्या खालच्या, रक्तातल्या टोकाला असतो आणि व्हॉल्व्ह एकाच दिशेने पाणी सोडतो. खालचे जंतू वर सहजी चढत नाहीत. मान आखडत नाही, शुद्ध हरपत नाही. शंट टॅप केला, म्हणजे सुई घालून त्यातलं पाणी काढलं, तर ते कधी कधी अगदी स्वच्छ निघतं.

आजार नवा नाही. १९५६ मध्ये फिलाडेल्फियात स्पिट्झ-होल्टर व्हॉल्व्ह आला आणि त्यानंतर रक्तात सोडलेले शंट जगभर बसू लागले. १९६५ मध्ये ब्लॅक, चॅलकोम्ब आणि ऑकेंडन यांनी अशा मुलांमध्ये रक्तातला संसर्ग आणि नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून भरपूर प्रोटीन जाऊन अंगावर सूज) सोबत आल्याचं पहिल्यांदा नोंदवलं. संसर्ग झालेल्या व्हीए शंटपैकी साधारण ०.७ ते २.३ टक्क्यांमध्ये किडनीला सूज येते असा आकडा अजूनही सांगितला जातो. पुढे व्हीपी शंट हीच रूढ पद्धत झाली आणि हा आजार दुर्मीळ झाला. व्हीपीमध्ये खालचं टोक पोटात असतं. तिथे संसर्ग झाला तर पोट दुखतं, पाण्याची गाठ होते, शंट बंद पडतो, आणि गोष्ट लवकर उघड होते. व्हीपी शंटमुळे किडनी सुजल्याच्या केसेस आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. दुर्मीळ झाल्यामुळे एक तोटा झाला: आजच्या बऱ्याच डॉक्टरांनी हा आजार फक्त परीक्षेत वाचलेला असतो.

आपल्याकडे व्हीए शंट अजून बसतात, आणि बहुतेकदा पोट निकामी झालेल्यांनाच बसतात. पोटाचा टीबी झालेला, पोटाच्या पुष्कळ शस्त्रक्रिया झालेल्या, जुना व्हीपी वारंवार अडकलेला. म्हणून पहिली गोष्ट, आपला शंट कुठला ते माहीत हवं. पुष्कळ घरांत 'शंट आहे' एवढंच ठाऊक असतं. डिस्चार्ज कार्डावर व्हीपी की व्हीए ते लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं असेल तर मान, छाती आणि पोट यांचा साधा एक्स-रे पुरतो. नळी कुठे संपते ते स्पष्ट दिसतं. मात्र जुन्या व्हीपीची तुटकी नळी पोटात राहिलेली असू शकते. ती पाहून 'हा व्हीपी आहे' असं समजू नका, व्हॉल्व्हपासून खाली नळी बोटाने माग काढल्यासारखी बघत या. सोडून दिलेल्या त्या जुन्या तुकड्यावरही जंतू राहू शकतात, तेव्हा तो आहे हे सर्जनला सांगायचं.

निदान कुठे चुकतं

या केसमध्ये झालं तेच सगळीकडे होतं. ताप आला की टायफॉइडची विडाल टेस्ट, ती आपल्याकडे पुष्कळांची थोडीफार पॉझिटिव्ह येते, मग सेफिक्झीमचा पाच-सात दिवसांचा कोर्स. ताप उतरतो, तीन आठवड्यांनी परत येतो. अशा अर्धवट कोर्सने नळीवरचा संसर्ग जात नाही, पण ब्लड कल्चर मात्र कोरं येतं. म्हणजे पुरावा गेला, आजार राहिला. वजन घटतंय, ताप राहतोय म्हणून कोणी अंदाजाने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करतं. त्यातल्या रिफाम्पिसिनला स्टॅफ दबतो, चार आठवडे बरं वाटतं, आणि टीबीच होता अशी सगळ्यांची खात्री पटते.

मेनिंगोमायलोसीलच्या मुलांमध्ये आणखी एक सापळा आहे. यांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही, दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी लागते, आणि अशा लघवीच्या कल्चरमध्ये जवळजवळ नेहमीच काहीतरी उगवतं. त्यामुळे लघवीत काहीही दिसलं की दोष मूत्राशयावर जातो. फरक मायक्रोस्कोपखाली आहे. मूत्राशयाच्या संसर्गात पू-पेशी भरपूर, प्रोटीन फार तर एक प्लस. गाळणी सुजलेली असेल तर रक्तपेशी वेड्यावाकड्या आकाराच्या असतात, रक्तपेशींचे कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे) दिसतात आणि प्रोटीन दोन-तीन प्लस येतं. कास्ट बघायचे तर लघवी ताजी हवी, तासाभराच्या आत तपासलेली. सकाळी आठला दिलेला नमुना दुपारी दोनला मशीनवर लावला तर कास्ट विरघळलेले असतात आणि रिपोर्टवर 'निल' येतं.

किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही फसवतं. पायांत ताकद नसलेल्या, व्हीलचेअरवरच्या मुलाचे स्नायू कमी असतात. त्याचं क्रिएटिनिन एरवी ०.३-०.४ असतं. ते ०.९ झालं की लॅबच्या रकान्यात 'नॉर्मल' दिसतं, प्रत्यक्षात किडनीचं काम निम्म्याहून कमी झालेलं असू शकतं. म्हणून जुने रिपोर्ट काढून शेजारी ठेवायचे, आणि मिळत असेल तर सिस्टॅटिन सी (स्नायूंवर न अवलंबणारी किडनीची चाचणी) करून घ्यायचं.

तिसरी चूक सर्वांत महाग. सूज, प्रोटीन, कमी अल्ब्युमिन पाहून साधा नेफ्रॉटिक समजून प्रेडनिसोलोन सुरू होतं. दुसरा प्रकार: अँका ही अँटिबॉडीची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांची सूज) समजून सायक्लोफॉस्फमाइडपर्यंत गाडी जाते. शंट नेफ्रायटिसमध्ये पीआर३-अँका (अँकाचाच एक प्रकार) पॉझिटिव्ह आलेल्या केसेस चांगल्या नोंदलेल्या आहेत; दीर्घ संसर्गात हे होतं. जिवंत संसर्गावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. कमी सी३ हा इथला खांब आहे. साध्या नेफ्रॉटिकमध्ये सी३ नॉर्मल असतं, अँका व्हॅस्क्युलायटिसमध्येही सहसा नॉर्मल. ते कमी आलं की थांबायचं आणि संसर्ग शोधायचा.

सी३ साधारण ९० ते १८० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, सी४ १० ते ४० च्या आसपास. शंट नेफ्रायटिसमध्ये बहुधा दोन्ही उतरतात, कधी सी४ बचावतं. घसा दुखून झालेल्या स्ट्रेप्टोकॉकसनंतरच्या नेफ्रायटिसमध्ये सी३ पडतं, सी४ बहुधा शाबूत राहतं, आणि सहा ते आठ आठवड्यांत सी३ आपोआप वर येतं. आठ आठवड्यांनंतरही ते खालीच असेल तर स्ट्रेप्टोकॉकसचं लेबल काढून टाका. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) दोन्ही कमी असतात, म्हणून त्याच्या रक्तचाचण्या, एएनए आणि डीएस-डीएनए, कराव्या लागतात. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासणं ओघाने आलंच. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह येतो, क्रायोग्लोब्युलिनही (थंडीत साकळणारं प्रोटीन) सापडू शकतं. पण क्रायोग्लोब्युलिनचं रक्त ३७ अंशांवर ठेवून लॅबपर्यंत न्यावं लागतं. बर्फाच्या डब्यातून पाठवलेल्या नमुन्याचा निगेटिव्ह रिपोर्ट कवडीमोलाचा.

शंट बसवून किती वर्षं झाली यावरून आजार नाकारू नका. काही महिन्यांत होतो, तसा दहा-वीस वर्षांनीही झालेला आहे. तापाशिवायही असतो, नुसता थकवा, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया, पोटात हाताला लागणारी प्लीहा, सांधे दुखणं, पोटऱ्यांवर बारीक जांभळे ठिपके, कधी वाढलेलं ब्लड प्रेशर, एवढ्यावरच महिने जातात.

कल्चर नीट घेणं

अर्धी लढाई इथे आहे. पेशंट स्थिर असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी किमान तीन सेट, वेगवेगळ्या शिरांमधून, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून. १६ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्याच बाटल्या, दर बाटलीत ८ ते १० मिलि रक्त, एक एरोबिक आणि एक अनएरोबिक. दोन मिलि रक्तात मवाळ जंतू सापडत नाहीत. ताप चढायची वाट बघत बसू नका. नळी सतत रक्तात आहे, जंतूही थोडेबहुत सतत सुटत असतात. अर्धवट औषधं चालू असतील आणि पेशंटला झेपत असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवून काही दिवसांनी कल्चर पुन्हा घेतलेलं बरं.

लॅबच्या फॉर्मवर 'व्हीए शंट, १४ दिवस ठेवा' असं ठळक लिहायचं, आणि शक्य असेल तर मायक्रोबायॉलॉजिस्टला फोन करायचा. यंत्र सहसा पाच दिवसांनी बाटली निगेटिव्ह ठरवतं. क्युटिबॅक्टेरियमला त्याहून जास्त वेळ लागतो. दुसरं म्हणजे, स्टॅफ एपिडर्मिडिस उगवला की लॅब सवयीने 'कातडीवरचा, दूषित नमुना' असा शेरा मारते. एरवी तो शेरा बरोबर असतो. व्हीए शंटवाल्याच्या रक्तात मात्र, आणि दोन वेगळ्या सेटमध्ये त्याच सेन्सिटिव्हिटीचा जंतू आला तर नक्कीच, तोच गुन्हेगार.

शंट टॅप न्यूरोसर्जनने करायचा. व्हॉल्व्हवरचे केस क्लिपरने कापून, क्लोरहेक्सिडिन पूर्ण सुकू देऊन, २३ किंवा २५ नंबरच्या बटरफ्लाय सुईने रिझर्व्हॉयरमधून पाणी काढायचं. पेशी, साखर, प्रोटीन, ग्रॅम स्टेन आणि दोन्ही प्रकारची कल्चर. पुन्हा सांगतो, टॅप स्वच्छ आला म्हणजे शंट निर्दोष ठरत नाही.

इको हवाच. नळीच्या टोकाला गुठळी आहे का, ट्रायकस्पिड झडपेवर काही वाढलंय का, ते बघायचं. छातीवरून नीट दिसत नसेल तर अन्ननलिकेतून. खोकला, छातीत टोचणं असेल तर गुठळीचे तुकडे फुप्फुसात गेलेत का तेही पाहावं लागतं. त्यासाठी कॉन्ट्रास्ट सीटी लागलाच तर किडनीच्या डॉक्टरांना आधी विचारा.

बायॉप्सीसाठी अडून बसू नये. व्हीए शंट, कमी सी३, गाळणी सुजल्याचं दाखवणारी लघवी आणि पॉझिटिव्ह कल्चर हे चारही असतील, तर बायॉप्सीने शंट काढायचा निर्णय बदलणार नाही. कल्चर कोरं असेल, क्रिएटिनिन दिवसागणिक चढत असेल किंवा अँका पॉझिटिव्ह असेल तर ती उपयोगी. बहुधा मेंब्रेनोप्रोलिफरेटिव्ह चित्र दिसतं, सिल्व्हर स्टेनवर गाळणीच्या भिंतीची दुहेरी रेघ, इम्युनोफ्लोरेसन्सवर आयजीएम, आयजीजी आणि सी३ चे कण. मेनिंगोमायलोसीलच्या मुलांचा कणा वाकडा असतो, दोन्ही किडन्या जोडलेल्या किंवा एकच असू शकते. आधी सोनोग्राफी, मग सुई.

नुसत्या अँटिबायोटिकने का भागत नाही

पाण्याच्या टाकीला आतून धरलेलं शेवाळ वरवर पाणी ओतून निघत नाही, तसा नळीवरचा हा थर, बायोफिल्म. त्याच्या आतले जंतू जवळपास झोपलेले असतात. बहुतेक अँटिबायोटिक वाढत्या जंतूला मारतात. झोपलेल्याला मारायला जो डोस लागेल तो माणसाला देता येत नाही. रक्तात मोकळे फिरणारे जंतू मरतात, म्हणून चौथ्या दिवशी ताप उतरतो, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) घसरतं, लघवी थोडी सुधारते. औषध थांबलं की दोन-तीन आठवड्यांत सगळं पूर्ववत. दर फेरीत गाळणीवर थोडा व्रण राहतो, आणि तो भरून येत नाही. 'अजून एक कोर्स देऊन बघू' याची किंमत किडनी मोजते. फक्त खालची नळी बदलणं हाही असाच अर्धा उपाय, कारण व्हॉल्व्हवरचा थर तसाच राहतो. शंट काढणं अगदीच अशक्य असेल तेव्हा दाबून ठेवणारी औषधं देतात, पण त्याला इलाज म्हणू नये.

काढण्याची शस्त्रक्रिया व्हीए शंटमध्ये हलक्यात घ्यायची नाही. वर्षानुवर्षं शिरेत राहिलेली नळी भिंतीला चिकटते, कधी चुन्यासारखी कडक होते. जोर लावून ओढली तर तुटते आणि तुकडा हृदयातून फुप्फुसाच्या रोहिणीत जातो. म्हणून सी-आर्म (शस्त्रक्रियेदरम्यान चालू ठेवायचा एक्स-रे) लावून, हळू, आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला किंवा इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीला आधी सांगून. इकोत मोठी गुठळी असेल तर हृदयाच्या सर्जनचंही मत घ्यावं लागतं. मेनिंगोमायलोसीलच्या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी सर्रास असते. ग्लोव्हज, कॅथेटर सगळं लॅटेक्सविरहित हवं, आणि हे ॲडमिट होतानाच सांगायचं, टेबलावर घेतल्यावर नव्हे.

काढलेल्या शंटचे सगळे भाग वेगवेगळ्या निर्जंतुक डब्यांत, कोरडे किंवा थोड्या सलाइनमध्ये, लगेच लॅबला. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नयेत. बायॉप्सीच्या सवयीने हे घडतं, आणि कल्चरची शेवटची संधी जाते.

शंट निघाल्यावर पाणी बाहेर सोडायला ईव्हीडी, म्हणजे डोक्यातून बाहेरच्या पिशवीत जाणारी नळी. थेंबाची पातळी कानाच्या छिद्रापासून साधारण १० ते १५ सेंमी वर ठेवतात; पलंग वर-खाली केला की ती पुन्हा मोजायची. इथे किडनीच्या पेशंटमध्ये एक गोष्ट हमखास निसटते. मेंदूच्या पाण्यात सोडियम रक्ताइतकंच असतं. दिवसाला २५० मिलि पाणी पिशवीत गेलं तर सुमारे २ ग्रॅम मीठ गेलं. तिकडे किडनीसाठी मीठ बंद, वर फ्युरोसेमाइड. चार-पाच दिवसांत सोडियम १२५ खाली येतं आणि झटका येतो. मग सगळे मेंदूचा स्कॅन करत बसतात. सोडियम रोज तपासायचं, पिशवीतला आकडा किडनीच्या डॉक्टरांच्या तक्त्यावरही लिहायचा, आणि गेलेल्या पाण्याची भरपाई सलाइनने किती करायची ते दोन्ही टीमने मिळून ठरवायचं.

औषध बहुधा व्हॅन्कोमायसिनने सुरू होतं, कारण स्टॅफ एपिडर्मिडिस बहुतेकदा मेथिसिलिनला दाद देत नाही. दर डोस १५ ते २० मिग्रॅ प्रति किलो. ४० किलोच्या मुलाला १५ च्या हिशेबाने ६०० मिग्रॅ, ५ मिग्रॅ प्रति मिलिपेक्षा घट्ट न करता, किमान तासाभरात. घाईत सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते. किडनी चांगली असेल तर दर ८ ते १२ तासांनी. इथे ती चांगली नाही, त्यामुळे पुढचा डोस घड्याळावर नव्हे, रक्तातल्या पातळीवर. एयूसी (दिवसभरात रक्तात राहिलेल्या औषधाचं एकूण माप) ४०० ते ६०० हे लक्ष्य. सोबत जेन्टामायसिन किंवा अमिकासिन शक्यतो नको. व्हॅन्कोमायसिन आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही जोडीही किडनीला महाग पडते. ग्रॅम निगेटिव्हची शंका असेल तर सेफेपिम किंवा मेरोपेनेम बरं, पण डोस किडनीप्रमाणे कमी करूनच, कारण साचलेल्या सेफेपिमने झटके येतात. पाण्यातला संसर्ग हटत नसेल तर ईव्हीडीतून थेट व्हॅन्कोमायसिन देतात, पोकळीच्या आकारानुसार ५ ते २० मिग्रॅ, आणि नळी १५ ते ६० मिनिटं बंद.

रिफाम्पिसिन जोडलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे. आणि फेनिटोइन, कार्बामाझेपिनची पातळी पडते, म्हणजे झटक्यांचं औषध चालू असून झटका येऊ शकतो. ते एकटं कधीच द्यायचं नाही.

किती दिवस? फक्त पाण्यातला संसर्ग असेल तर १० ते १४ दिवस पुरतात. रक्तात जंतू सापडलेत, नळीच्या टोकाला किंवा झडपेवर वाढ आहे, तर हिशेब एन्डोकार्डायटिसचा: ४ ते ६ आठवडे, कल्चर निगेटिव्ह झाल्या दिवसापासून मोजून. नवा शंट पाणी स्वच्छ झाल्यावरच. मवाळ जंतू आणि साफ पाणी असेल तर लवकर, स्टॅफ ऑरियस किंवा ग्रॅम निगेटिव्ह असेल तर कल्चर निगेटिव्ह राहून १० दिवस गेल्यावर. तो कुठे सोडायचा हा खरा प्रश्न आहे. पुन्हा हृदयात हा शेवटचा पर्याय. पोट 'निकामी' आहे हे सहा वर्षांपूर्वीचं मत असतं. लॅपरोस्कोपने बघितलं तर मोकळी जागा सापडते, असं बरेचदा होतं. फुप्फुसाच्या आवरणात सोडता येतो. दुर्बिणीने मेंदूतच वाट करून देणं, ईटीव्ही, या वयात तान्ह्या बाळापेक्षा जास्त यशस्वी होतं. हा विषय शंट काढायच्या आधीच न्यूरोसर्जनकडे काढा.

किडनी

स्टेरॉइडची गरज सहसा नसते. जंतूंचा पुरवठा थांबला की सूज उतरते. संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावरही क्रिएटिनिन चढत राहिलं आणि बायॉप्सीत क्रेसेंट (गाळणीतले चंद्रकोरीच्या आकाराचे पेशींचे थर) भरपूर असतील, तर तेव्हा विचार करतात. ब्लड प्रेशर उतरवायचं. एनालाप्रिलसारखी औषधं प्रोटीन कमी करतात, पण क्रिएटिनिन रोज हलत असताना ती थांबवलेली बरी; अम्लोडिपिनने निभावून न्यायचं. तापाला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नाही. रक्त चढवावं लागलं तर पांढऱ्या पेशी काढलेलं, पुढे कधी किडनी बदलायची वेळ आली तर अँटिबॉडी आड येऊ नयेत म्हणून. डायलिसिस लागला तर कॅथेटर शंटच्या विरुद्ध बाजूला, आणि डोक्याची शस्त्रक्रिया ताजी असताना हेपरिनशिवाय.

सुधारणा टप्प्याटप्प्याने येते. ताप आठवड्यात जातो, सीआरपी दोन-तीन आठवड्यांत, सी३ काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत. हिमोग्लोबिन त्याच सुमारास चढायला लागतं. प्रोटीन महिनोन्‌महिने रेंगाळतं, मायक्रोस्कोपखालच्या रक्तपेशी वर्षभरही. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. निम्म्याहून जास्त पेशंटच्या किडन्या पूर्ण सावरतात, काहींना थोडं प्रोटीन कायमचं राहतं, काही डायलिसिसवर जातात. कोण कुठे जाईल ते मुख्यतः निदान होईपर्यंत किती महिने गेले यावर ठरतं, आणि इथे पाच गेलेत.

घरी गेल्यावर पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी लघवी, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, क्रिएटिनिन, सीआरपी, आणि महिन्यातून एकदा सी३. मग दर तीन महिन्यांनी. प्रोटीनचा नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, आणि कॅथेटरने काढत असाल तर आधी मूत्राशय धुतलेलं नको. सी३ वर येऊन पुन्हा घसरलं, तर लघवी बदलायची वाट न बघता ब्लड कल्चरचे तीन सेट. आणि नवा शंट बसल्यावर ताप आला तर घराजवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिण्यापूर्वी त्यांना कार्ड दाखवा. त्यावर शंटचा प्रकार, बसवल्याची तारीख, व्हॉल्व्हचं नाव, सापडलेला जंतू आणि 'आधी कल्चर, मग औषध' ही ओळ न्यूरोसर्जनकडून लिहून घ्या.